पाडाची पारख

१

तळवलीत आंबा उतरवावा तो देवजीनं आणि पारखावा तो सखूनं, असं गावानं कधी बसून ठरवलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं चालत आलं होतं. देवजीच्या हाताला झेला असा काही बसलेला होता की लांब बांबूच्या टोकाची ती जाळी आंब्याखाली अलगद जायची, पात्यानं देठ कापला जायचा, आणि शेजारच्या आंब्याला पत्ताही लागायचा नाही. खाली त्याची बायको सखू उभी. झेल्यातला आंबा ती दोन्ही हातांनी काढायची, एकदा नाकाशी न्यायची, बोटांची मागची बाजू त्याच्या खांद्यावरून फिरवायची आणि सांगून टाकायची, "बारा आने. ह्या फांदीला अजून चार दिस हात लावू नका."

आणे म्हणजे पैसे नव्हेत, आंब्याची तयारी. बारा आण्याला काढलेला आंबा सुरकुततो, आंबट राहतो. सोळा आण्याला काढला तर गोड खरा, पण टोपलीत ठाण्यापर्यंत पोचायच्या आधीच मऊ पडतो. काढायचा तो चौदा आण्याला. खांदे भरलेले, देठापाशी बारीकशी खळी पडलेली. मग आढीत, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या थरांत, घालून ठेवायचा. झाडाला पहिला हात लावायचा तोही झाडानं सांगितल्यावर. पिकलेला एखादा आंबा आपणहून खाली पडला की म्हणायचं, पाड लागला. त्याआधी नाही.

ही गोष्ट एकोणऐंशी सालच्या मे महिन्यातली. खाडीकडची भातशेतं तोवर नव्या शहरासाठी गेलेली होती. बेलापूर रस्त्याच्या कडेनं कंपन्यांचे भोंगे वाजत. देवजीचा खाडीकडचा वडिलोपार्जित तुकडाही गेला होता. कागद घेऊन माणसं आली त्या दिवशी देवजी पनवेलला गेलेला. घरात एकटी म्हातारी आई होती, तिनंच अंगठा उठवला. पुढच्या वर्षी ती गेली. देवजीनं तिला काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून त्याच्या तोंडाची चवच गेली. मोजणीवाल्यांना शिव्या, कंपनीला शिव्या, भातात खडा लागला तर सखूला शिव्या. एकुलती लेक कामोठ्याला दिलेली. घरात ही दोघंच. सखूला त्याच्या बोलण्याची सवय झाली होती. वाईट वाटायचं, पण रोज वाटून वाटून त्याची धार गेली होती.

उतरवायचे आंबे आता राहिले होते ते गंगाराम काकांच्या वाडीत. काका म्हणजे देवजीचे चुलत चुलते, पंचाहत्तरीचे. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची अकरा रायवळ झाडं होती आणि कौलारू घर. घरात काका आणि सुमित्रा काकी. घराची मागची अंधारी खोली दर उन्हाळ्यात आढीला लागायची. सकाळी दव वाळलं की देवजी झेला घ्यायचा, ऊन तापेपर्यंत उतरवायचा. सखू आंबे देठाच्या बाजूनं उपडे ठेवून चीक गाळायची आणि दुपारी खोलीत पेंढ्यावर लावायची. रोजचं काम. त्यात नवल काही नव्हतं.

२

खटकलं ते अगदी एवढंसं.

झाडावरच्या आंब्याच्या सालीवर पांढुरकी भुकटी धरलेली असते. बोट लागलं की ती पुसली जाते, म्हणून जाणती माणसं आंबा देठाशी धरतात. त्या दिवशी शेप्याच्या शेंड्यावरून एक आंबा झेल्यात आला. शेप्या म्हणजे शेपूसारखा वास येणारं झाड. त्या आंब्याच्या खांद्यावर, देठापासून बोटभर अंतरावर, भुकटी पुसली गेलेली होती. लांबटगोल, कडा स्वच्छ. तेवढीच साल काचेसारखी चमकत होती.

जाळी घासली असेल, असं सखूला वाटलं. दुसरा आंबा आला. त्यालाही तिथंच, तेवढाच ठसा. तिसऱ्याला नव्हता. चौथ्याला होता.

सखूनं त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. अंगठा चहूकडून कमी पडला.

"तुमी वर चढून आंबे चाचपता काय?" तिनं विचारलं.

"शेंड्याला?" देवजी खेकसला. "ती फांदी मना पेलंल काय? झेला दिसत नाय तुला हातात?"

"तसं नाय. इचारलं आपलं."

खारीचं काम म्हणावं तर खार कुरतडते. वटवाघूळ चावतं. दवाचा थेंब म्हणावा तर तो ओघळतो, मागं रेघ सोडतो. सखूनं ठशाचे आंबे वेगळे काढले आणि आढीत एका बाजूला लावले, बाकीचे दुसऱ्या बाजूला. सहाव्या दिवशी पेंढा उचलला. बाकीच्यांत काही पिकलेले, काही हिरवे, दोन डागाळलेले, जसं दरवर्षी असतं तसं. ठशाचे मात्र सगळेच्या सगळे एकाच दिवशी, एकाच रंगावर आलेले. एकही पुढंमागं नाही.

सखू त्या अंधाऱ्या खोलीत उकिडवी बसून राहिली. भीती अजून वाटली नव्हती. वाटला तो हेवा. वीस वर्षं तिचा हात आंब्यावरून फिरत होता, तरी टोपलीमागं दोन-चार तिचेही चुकायचे. हा जो कोण होता, त्याचा एकही चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती खालून उन्हात निरखून बघायची आणि ज्या आंब्यावर ते चमकणारं टिकलं दिसेल तोच देवजीला दाखवायची. "तो. त्याच्या डावीकडचा. नाय, मागचा र्‍हावू द्या." ठाण्याच्या व्यापाऱ्याचा निरोप आला की असा माल या वर्षात पाहिला नाही.

एका दुपारी ती आढीच्या दाराशी आली आणि थांबली. आत पेंढा वाजत होता. उंदरासारखा नाही. एकेक आंबा उचलून, फिरवून, परत ठेवताना वाजतो तसा. तिच्या हातातली पाटी दाराला लागली. आतला आवाज त्या क्षणाला थांबला नाही. हातात घेतलेला आंबा आधी नीट खाली ठेवावा, त्यावर पेंढा सारखा करावा आणि मग थांबावं, तसा तो थांबला.

आत गेली तर कोणी नव्हतं. खोलीला दुसरं दार नव्हतं. पिकत्या आंब्यांना ऊब असते, त्या उबेनं पेंढा फुगतो, बसतो, वाजतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. आढी गरम लागतेच.

३

उकाड्यानं त्या वर्षी सगळ्यांच्या अंगावर घामोळं उठलं होतं. गंगाराम काका दिवसभर ओट्यावर उघडे बसायचे आणि सुमित्रा काकी त्यांच्या पाठीला घामोळ्याची पावडर लावायच्या. पाठ, मान, खांदे, सगळं पांढरं.

सखू चीक गाळलेले आंबे घेऊन ओट्यावरून जात होती. तिची नजर सहज काकांच्या खांद्यावर गेली. मान जिथं खांद्याला मिळते तिथं पावडर पुसली गेली होती. लांबटगोल. कडा स्वच्छ.

"काकी," ती हसत म्हणाली, पण हसू अर्ध्यातच राहिलं, "पावडर लावताना तुमचा अंगठा उठला बघा."

"अंगठा कुठला?" काकी आतून म्हणाल्या. "मी त्या डब्यातल्या फुलानं लावते गो. मघाशीच तर लावली."

"भिंतीला टेकलं असतील," सखू म्हणाली.

काकांना गंमत वाटली. ते मान वळवून आपला खांदा बघू लागले. मोठ्या आनंदात होते त्या दिवशी. एरवी धाकट्या मुलाचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यानं मुंबईला परस्पर लग्न केलं होतं. आज आपणहून त्याचं नाव काढलं. म्हणाले, "सुने, सदूला सांगावा धाडलाय, बायकोला घेऊन ये म्हनून. मीच वेडा. कशाला राग धरून बसलो इतकी वर्सं? आता कसं, मन भरलंय बघ. कायच मागायचं र्‍हायलं नाय."

दुसऱ्या दिवशी जेवून ते ओट्यावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. मान एका बाजूला कललेली, चेहरा शांत. सदू आला तो तिसऱ्या दिवशी, बापाची राख सावडायला.

पंचाहत्तर वर्षांचा माणूस, दुपारच्या झोपेत गेला. गावातल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले, असं मरण सगळ्यांना यावं म्हणाले. सखूलाही तसंच वाटलं. खांद्यावरच्या ठशाचं ती कुणाला बोलली नाही. बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय?

४

आंबे मात्र थांबत नाहीत. दुखवट्याचे दिवस सरल्यावर काकीच म्हणाल्या, झाडावर नासण्यापेक्षा उतरवा. देवजी पुन्हा झेला घेऊन उभा राहिला. टोपल्या वाहायला शेजारचा कान्हा येऊ लागला.

कान्हा अठ्ठावीस वर्षांचा, बैलासारखा दणकट. जमिनीच्या मोर्च्यात सगळ्यांत पुढं तो, पोलिसांशी हुज्जत घालणारा तो, सख्ख्या भावाच्या, भगवानच्या, डोक्यात पाट घालणाराही तोच. आठ दिवसांपूर्वी तो कंपनीत कायम झाला होता. सुट्टीच्या दिवशी घराला चुना लावायला घेतला होता, तसाच उघड्या अंगानं वाडीत आला.

"वैनी, पानी दे," तो म्हणाला. पाणी प्यायला, तांब्या विसळून उपडा ठेवला. कान्हा तांब्या विसळून ठेवतो, हे सखूनं पहिल्यांदा पाहिलं. "भगवानशी भांडान मिटवलं काल. एका ताटात जेवलो. उगाच पाच वर्सं तोंड फिरवलं गो. आता बरं वाटतंय. लई हलकं वाटतंय."

टोपली उचलायला तो वाकला. पाठीवर चुन्याची पांढरी धूळ बसली होती. मानेच्या मुळाशी लांबटगोल ठसा होता. खालची सावळी कातडी चमकत होती.

सखूनं पदरानं त्याची सगळी मानच पुसून काढली.

"काय लागलंय?"

"चुना. कान्हा, तू आज दुपारी झोपू नको."

"का गो?"

"ऊन बाधतं," ती म्हणाली.

तो हसला, टोपली डोक्यावर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, चुना अर्धाच लागलेल्या भिंतीपाशी सावलीला जरा पडला, आणि गेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. भगवान भिंतीवर डोकं आपटून घेत होता.

सखू बायकांच्या घोळक्यात बसली होती. रडणं सगळीकडून कानावर येत होतं आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. वाडीतलं गोटीचं झाड मे उजाडताच पिकतं. खोबऱ्याचं झाड जून महिना लागला तरी हिरवंच. झाडांच्या वयाचा त्यात काही संबंध नसतो.

५

कान्हाला पोचवून आला तो देवजी वेगळाच आला. चार दिवस त्यानं आवाज चढवला नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "कालवन झकास जालंय." सखूचा हात थांबला. एकवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं ऐकलं नव्हतं.

मग तो ठाण्याला गेला आणि तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन आला. स्वतः तिच्या हातात भरल्या, मोठमोठ्या बोटांनी, एकही न फोडता. रस्त्यावरून मोजणीची जीप गेली तर नुसता बघत राहिला.

एका सकाळी झेल्याला नवी दोरी ओवत बसला असताना तो म्हणाला, "सखू, आये काय मुद्दाम अंगठा देयाला बसली होती? म्हातारं मानूस. घाबरली असंल. मी उगाच डोक्यात घेऊन फिरलो. सोडलं मी ते."

हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती! तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, उठावं, त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. ती उठलीही. मग त्याच्या पाठीकडं बघून जागच्या जागी उभी राहिली.

त्या दिवसापासून ती त्याच्या अंगाला पावडर लावू लागली. त्याला वाटलं बायको लाड करते. जेवण झालं की ओट्यावर उघडा पालथा पडायचा आणि ती पाठीवर, खांद्यांवर सारखी, बोट न उठवता पावडर पसरायची. पहिल्या दिवशी तो झोपून उठला तेव्हा काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्यावर फिकटसा ठसा होता, शंका यावी इतकाच. चटईची काडी लागली असेल. तिनं चटई काढली. तिसऱ्या दिवशी त्याला नुसत्या सारवलेल्या जमिनीवर झोपवला. ठसा स्पष्ट उठला होता आणि त्याच्या मधोमध कातडीला बारीकशी खळी पडली होती.

"तेरा," सखूच्या तोंडून गेलं.

"काय तेरा?"

"काय नाय. तुमी चार दिस कामोठ्याला जा ना. पोरीकडं."

देवजी उठून बसला, तिच्याकडं बघून हसला. काय सुंदर हसू होतं ते. "तुला सोडून कुठं जाऊ गो?" तो म्हणाला.

६

चौथ्या दुपारी ती झोपली नाही. देवजी ओट्यावर पालथा पडला होता, पाठ पांढरी. सखू दाराच्या आत सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली. निवडायचं नव्हतंच काही, हाताला चाळा. कंपनीचा दोनाचा भोंगा होऊन गेला होता. वारा नव्हता. आंब्याचं पानसुद्धा हलत नव्हतं.

वर कौलांवर आवाज आला. वाळका बांबू कौलाला हलकेच लागतो तसा. एका कौलाला लागला, थांबला, मग पुढच्याला. घाई नव्हती. दाट पानांतून झेला पुढं नेताना देवजी तो असाच न्यायचा, कुठं अडू नये, शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून. सखूनं कोपऱ्यात पाहिलं. देवजीचा झेला भिंतीशी उभा होता.

तिनं देवजीकडं नजर वळवली, आणि तेव्हाच त्याच्या खांद्यावरची पावडर पुसली जाऊ लागली. हळू, खालून वर, एका दमात. कातडी दबली. दबलेली राहिली, जेवढं थांबून पाहायचं तेवढी. मग वर आली. देवजीनं झोपेत समाधानाचा एक लांब श्वास सोडला आणि मान थोडी बाजूला कलवली, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.

अंगणातल्या उन्हाची तिरीप ओट्याच्या भिंतीवर पडली होती. त्या उजेडात वरून एक सावली उतरली. गोल कडं, कड्याखाली जाळी. देवजीच्या डोक्याच्या सावलीपाशी येऊन ती अधांतरी राहिली. कड्याला जोडलेल्या काठीची सावली भिंत संपेपर्यंत वर गेली होती, आणि भिंत संपली तरी ती काठी संपत आली असावी असं वाटत नव्हतं. सावली किंचित डावीकडं सरकली. परत थोडी उजवीकडं. देठ पात्यात नीट बसावा म्हणून उतरवणारा एवढं थांबतोच. हे थांबणं सखूच्या ओळखीचं होतं.

तिनं वर पाहिलं नाही. सूप बाजूला ठेवलं.

ती ओरडली असती तर तो दचकून उठला असता, तिला जवळ घेतलं असतं, काय झालं म्हणून मायेनं विचारलं असतं. त्यानं काही व्हायचं नव्हतं. तिला ते आतून कळलं, आंबा हातात घेताच कळायचं तसं.

"उठा," ती रोजच्या आवाजात म्हणाली. "तुमाला एक सांगायचं र्‍हायलंय."

देवजीनं डोळे उघडले. "बोल ना," तो गोड आवाजात म्हणाला.

"तुमच्या आयेनं अंगठा दिला नाय. मी लावला."

"आँ?"

"तुमी पनवेलला गेल्ता. ती मानसं आली. म्हातारी नाय नाय करत होती, माझा देवजी येऊ दे म्हनत होती. मी तिचा हात धरला. शाईत बुडवला आन् कागदावर दाबला."

देवजी तिच्याकडं बघत राहिला. तिनं हे म्हणताना नजर चुकवली नाही. वास्तविक त्या दिवशी सखू तळवलीत नव्हतीच. घणसोलीला माहेरी होती, बहिणीच्या बाळंतपणाला. संध्याकाळी परत आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं. पण तारखा देवजीच्या लक्षात राहत नसत, आणि ते सांगू शकणारी एकटी म्हातारी, ती गेलेली.

"का?" तो म्हणाला. "का गो?"

"मना नको होतं ते चिखलात राबनं. कंटाळा आल्ता."

मग देवजीचा चेहरा बदलू लागला. आधी ओठ घट्ट झाले, मग कपाळाच्या शिरा उठल्या, आणि गेल्या काही दिवसांत गेलेलं सगळं एकदम परत आलं, त्याच्या दुपटीनं आलं. तो उठला. पहिली चपराक तिला लागली तेव्हा ती भिंतीवर आपटली. हातातल्या हिरव्या बांगड्या फुटल्या. तो बोलत होता ते शब्द तिला नीट ऐकूही येत नव्हते. आईचं नाव त्यात होतं, आणि सखूच्या सात पिढ्या होत्या.

शेजारपाजार धावत आला. भगवाननं त्याला धरलं. तेव्हाच सखूनं भिंतीकडं पाहिलं. उन्हाची तिरीप होती तिथंच होती. तिच्यात कुणाची सावली नव्हती, देवजीला आवरणाऱ्यांच्या हातांखेरीज.

७

त्या वर्षी वाडीतले उरलेले आंबे उतरवलेच गेले नाहीत. पुढं काकी लेकीकडं राहायला गेल्या. दोन वर्षांनी झाडं तोडून तिथून रस्ता गेला. देवजी एका कंपनीच्या बागेत माळी म्हणून लागला.

तो सखूच्या हातचं जेवायचा, पण तिच्याशी बोलायचा तो फक्त शिवी द्यायला. हात त्यानं पुन्हा उचलला नाही. अंथरूण मात्र वेगळं झालं ते झालं. नळावर बायका तिला म्हणायच्या, "कसं गो सोसतेस?" ती हंडा भरून घरी यायची. पावडर लावायचा प्रश्नच नव्हता, पण तो पाठमोरा झोपला की ती लांबून बघत राहायची. घामावर, धुळीवर, कधी काही उठलेलं तिला दिसलं नाही.

कधीकधी, देवजी कामावर गेला की, ती स्वतःशीच वाद घालायची. म्हातारा म्हातारपणानं गेला. कान्हाच्या काळजातच खोट असेल. उन्हाळ्याची दुपार, जागरणाचे डोळे, भिंतीवर फांदीची सावली पडली असेल. मग आपण केलं काय? एका माणसाला आयुष्यात एकदा सुख लागलं होतं, ते आपल्या हातानं खुडून टाकलं. आणि मेलेल्या म्हातारीला आपल्या खोट्यात ओढलं. पारख बरोबर होती की चूक, हे आंबा कापल्यावर कळतं. हे कापून बघता येण्यासारखं नव्हतं.

शहाऐंशीच्या चैत्रात देवजी तापानं पडला. तेरा दिवस ताप होता. सखूनं त्याला उचलून बसवलं, भरवलं, त्याचं सगळं केलं. ताप उतरला तरी तो बरेच दिवस गप्प होता. शिव्या कमी झाल्या. तिच्या येण्याजाण्याकडं तो बघत राहायचा, आणि ते बघणं तिला आवडत नव्हतं.

मे महिन्यात एक दिवस तो कामावरून लवकर आला. हातपाय धुतले, तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि कागदाची पुडी पुढं सरकवली. आत लुगडं होतं. अंजिरी रंगाचं, बारीक काठाचं.

"घे," तो म्हणाला. "सात वर्सं जाली. मानूस चुकतो. आयेनं बी तुला माफ केलं असंल, ती तशीच होती. मी केलं. आता किती दिस र्‍हायलं आपलं? गोडीनं र्‍हावू."

सखूनं लुगडं मांडीवर घेतलं. एक घडी उलगडली. काठावरून बोटांची मागची बाजू फिरवली. रंग तिला फार आवडला होता. देवजीचा चेहरा तिच्यासमोर होता, भरलेला, निवांत, कुठंही सुरकुती नसलेला. पन्नाशीच्या माणसाचा चेहरा असा दिसत नाही. मानेपाशी, सदऱ्याच्या गळ्यातून, त्याची कातडी घामानं चमकत होती. नुसता घामच होता बहुतेक.

तिनं घडी परत घातली. पुडी बांधली आणि त्याच्यापुढं सरकवली.

"माफी मागितलीय कुनी?" ती म्हणाली.

"सखू..."

"म्हातारी हात ओढीत होती, मी घट्ट धरला. आज ती वेळ आली तर आज परत धरीन. आन् अजून एक ऐका. मरताना ती तुमचं नाव घेत होती. देवजीला बोलवा, देवजीला बोलवा. तुमी समोर वाडीतच होता. मी हाक मारली नाय."

सासू जायच्या आधी तीन दिवस बोलतच नव्हती. तिच्या तोंडात पाणी घालायला सखू रात्रंदिवस तिच्या उशाशी बसलेली होती.

देवजी उठला. पुडी त्यानं भिंतीवर फेकली, पाण्याची कळशी लाथेनं उडवली आणि दार आपटून बाहेर पडला. गल्लीतून त्याचा आवाज चढत गेला, फाटका, कडू, सगळ्या तळवलीला ऐकू जाईल असा. तो कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून परत आला आणि दारात उभा राहून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

सखूनं सांडलेलं पाणी पुसून घेतलं. लुगडं उचलून पेटीत ठेवलं. मग चूल पेटवली आणि त्याच्यासाठी भाकऱ्या थापायला बसली.